टॅरिंग ते चिचेस्टर, रिचर्ड बिशपच्या वाटेने पायी

आषाढी जवळ आली की पाय शिवशिवायला लागतात, आणि इंग्लंडमधे राहून पंढरपूर काही दरवर्षी जमत नाही. म्हणून यंदा जूनमधे ससेक्समधल्या वेस्ट टॅरिंगपासून चिचेस्टर कॅथेड्रलपर्यंत चालत गेलो, 30-35 किलोमीटर असेल. 16 जून हा इथे संत रिचर्डचा दिवस, 1276 साली त्या दिवशी राजा पहिल्या एडवर्डच्या समोर त्यांचे अवशेष कॅथेड्रलमधल्या नव्या समाधीत ठेवले होते.

टॅरिंगच का, तर रिचर्ड हा माणूस 1244 ला चिचेस्टरचा बिशप म्हणून निवडला गेला पण राजा तिसऱ्या हेन्रीला स्वतःचा माणूस बसवायचा होता, पोपने 1245 ला फ्रान्समधे लियाँला रिचर्डना दीक्षा दिली तरी राजाने बिशपच्या जमिनी, उत्पन्न सगळं अडवून ठेवलं. मग टॅरिंगच्या सायमन नावाच्या साध्या पाद्र्याने त्यांना घरात ठेवून घेतलं आणि तिथून ते गावोगाव पायी फिरायचे, जवळपास दोन वर्षं! ऑक्सफर्डचे चान्सलर राहिलेला माणूस हा. लहानपणी आईवडील गेल्यावर भावाच्या शेतात राबले होते, म्हणून असेल, सायमनच्या बागेत झाडांना कलमं पण स्वतः करायचे. हे वाचलं तेव्हाच मला आपले सावता महाराज आठवले आणि ठरवलं की जायचंच. टॅरिंगची जुनी अंजिराची बागही लोक त्यांच्या नावाने सांगतात, कोणी आर्चबिशप थॉमस बेकेटचं नाव घेतं.

अरंडेलपर्यंत चाल बरी होती. स्लिंडनच्या पुढे मात्र जंगल, खडूची पांढरी वाट, मग हॅनेकरला जुन्या रोमन रस्त्यावर दोन्ही बाजूची झाडं वर एकमेकांत मिसळलेली, तिथे मी मोठ्याने हरिपाठ म्हणत चाललो, मांसाहार टाळणाऱ्या, गरिबांना आपलं ताट देणाऱ्या बिशपच्या वाटेवर माउलींचं नाव घेताना मला जरासुद्धा परकं वाटलं नाही. समोरून आलेल्या एक आजी थांबून ऐकत राहिल्या, मग विचारलं काय म्हणताय, मी सांगितलं, तर म्हणाल्या रिचर्डना आवडेल.

कॅथेड्रलचा कळस लांबूनच दिसतो, तो दिसला की चाल आपोआप वाढते. आत मूळ समाधी नाहीये, 1538 मधे आठव्या हेन्रीच्या काळात फोडली. आता तिथे वेदी आहे आणि मागे काही भाग जर्मनीत, काही इथल्या वेस्ट डीनला विणलेला मोठा रंगीत पडदा. रिचर्डचं नाव आहे, लोक येतात, मेणबत्त्या लावतात, मी पण लावली आणि तिथेच डोकं टेकलं.

रिचर्ड गेले ते डोव्हरला, 3 एप्रिल 1253, आपले गुरु आर्चबिशप एडमंड यांच्या नावाचं चॅपल नुकतंच पवित्र करून. पुढच्या खेपेला तिकडे पायी जायचं मनात आहे, कोणाला सोबत यायचं असेल तर आधी कळवा, रोज साधारण 15 किलोमीटर चालायची सवय मात्र हवी.