तुम्ही विचारलंत म्हणून : मॅडम, सगळ्यात चांगलं साधन कोणतं?

तालुक्याच्या गावात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवते, त्यामुळे गर्भनिरोधक साधनांबद्दलचा हा प्रश्न ओपीडीत तर येतोच, पण लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर आणि शाळेच्या पालकसभेतही येतो. आवाज खाली करून, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर. "माझ्या एका मैत्रिणीला विचारायचं होतं." माझं उत्तर ठरलेलं : मैत्रिणीला घेऊन या, आधी बीपी बघू.

मुलं होऊ नयेत म्हणून काय वापरायचं, याचा बीपीशी काय संबंध, असं चेहऱ्यावर लगेच दिसतं. संबंध आहे. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळीत, म्हणजे सरकारी माला-एन घ्या किंवा मेडिकलमधली महागडी घ्या, दोन हार्मोन असतात. त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. धडधाकट पंचविशीतल्या बाईला तो इतका कमी असतो की मी बिनधास्त गोळी लिहून देते. पण बीपी १४०/९० च्या वर असेल, वय पस्तिशीपुढे असून सिगारेट-विडी ओढत असेल, पूर्वी पायात गुठळी झाली असेल, तर तीच गोळी मी देत नाही.

अशीच एक आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) कडेवर चार महिन्यांचं बाळ, रुमालात गुंडाळलेलं गोळ्यांचं पाकीट. पाकीट जावेचं. "तिला सोसतात, मला का नाही सोसायच्या?" विचारलं, बाळ अंगावर पितं? हो. पाळी आली? मागच्या महिन्यात आली. डोकं दुखतं? "दुखतं की. अर्धंच दुखतं." दुखायच्या आधी काही होतं? ती जरा थांबली. "डोळ्यापुढं चमचम करतं, वाकड्या रेघा दिसतात. मग अर्ध्या तासानं सुरू."

तिथेच गोळ्यांचा विषय संपला. एकतर बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या आईला ही गोळी देत नाहीत. आणि अशी चमचम होऊन येणारी अर्धशिशी असेल तर पुढेही कधीच नाही, कारण त्यात पक्षाघाताचा धोका वाढतो. जावेच्या गोळ्या घेणं म्हणजे जावेचा चष्मा लावण्यासारखं आहे. तिने शेवटी तांबी, म्हणजे गर्भपिशवीत बसवायची कॉपर-टी, बसवून घेतली.

तांबीबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण सगळ्यात जास्त अफवा तिच्याच वाट्याला आल्यात. "वर चढते, काळजाला लागते" हे मी अजून ऐकते. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात ३८० ए आणि ३७५ अशा दोन प्रकारच्या तांब्या मिळतात. पहिली दहा वर्षं चालते, दुसरी पाच. वर्षभरात शंभर बायकांत एखादीलाही क्वचितच दिवस जातात. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तिथल्या तिथे बसवता येते, म्हणजे पुन्हा हेलपाटा नको. काढली की लगेच दिवस राहू शकतात. वर चढत नाही, पण कधीकधी खाली सरकून बाहेर पडते, म्हणून पाळीनंतर दोरा हाताला लागतो का बघायचं. बसवताना पिशवीला छिद्र पडणं हजारात एखादीच्या बाबतीत होतं. ते मी लपवत नाही. पहिले तीन-चार महिने अंगावरून जास्त जातं, ओटीपोटात कळा येतात. म्हणूनच जिचं हिमोग्लोबिन आधीच कमी, आठ आहे आणि पाळी सात-सात दिवस जाते, तिला मी तांबी पहिल्यांदा सुचवत नाही. तिच्यासाठी हार्मोनवाली तांबी येते, तिने रक्तस्राव उलट कमी होतो. किंमत मात्र काही हजारांत जाते आणि खाजगीतच घ्यावी लागते, ही तिची अडचण.

अंतरा हे दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. २०१७ पासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. घरात गोळ्यांचं पाकीट सापडायला नको, अशी ज्यांची परिस्थिती आहे त्या बायका हेच मागतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. यात पाळी अनियमित होते, मग बऱ्याच जणींची बंद होते. "मग ती घाण आत साठते ना?" नाही साठत. पिशवीचं अस्तर वाढतच नाही, तर पडणार काय? पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते : इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला सात-दहा महिने जाऊ शकतात. पुढच्या वर्षी दुसरं मूल हवं असेल तर अंतराच्या वाटेला जाऊ नका.

यासाठीच माझा खरा प्रश्न असतो, पुढचं मूल कधी हवंय? की नकोच? नवल म्हणजे कित्येक नवरा-बायकोंनी हे एकमेकांना कधी विचारलेलंच नसतं. माझ्या टेबलासमोर पहिल्यांदा बोलतात आणि दोघांची उत्तरं वेगळी निघतात. मग मी दोन मिनिटं फाइल चाळत बसते.

छाया ही गोळी आपल्याच देशातली, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली. तिच्यात हार्मोन नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणारीलाही चालते. ठरलेला वार विसरायचा नाही, एवढंच पथ्य. पाळी मात्र थोडी लांबते, तेव्हा घाबरायचं नाही. नुकतीच कावीळ होऊन गेली असेल किंवा बीजकोशात गाठी असतील तर आधी सांगा. टीबीची औषधं चालू असतील तर तेही सांगा, कारण त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे नेहमीच्या हार्मोनच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो.

निरोधबद्दल फार बोलत नाही. लैंगिक आजारांपासून वाचवणारं ते एकमेव साधन आहे. पण "कधी वापरतो, कधी नाही" अशाने वर्षात शंभरातल्या तेरा जणींना दिवस जातात. आणि संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची ती गोळी अडीअडचणीसाठी आहे, दर आठवड्याला घ्यायची नाही.

राहता राहिलं ऑपरेशन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींनी स्वतःचं ऑपरेशन करून घेतलेलं होतं. नवऱ्याची नसबंदी झालेल्या होत्या ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन बिनटाक्याचं, काही मिनिटांचं, त्याच दिवशी घरी. बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपं आणि कमी धोक्याचं. ताकद जात नाही, कारण पुरुषी हार्मोन रक्तातून जातं, ऑपरेशनात बंद करतात त्या नळीतून नाही. फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून खात्री करायची. हे सगळं समजावून झाल्यावर सासूबाई म्हणतात, "त्याला रानात काम असतं, हिचंच करा." हिला जणू रानात काम नसतंच! समाजसुधारक र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र १९२१ मध्ये काढलं. शंभर वर्षं उलटून गेली तरी हे वाक्य काही हललेलं नाही.

आणखी एक : बाईच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही सरकारी नियमाप्रमाणे लागत नाही. तिची स्वतःची संमती पुरते. काही दवाखान्यांत अजून मागतात. मागितली तर नियम विचारा.

कोणतंही साधन घेतलंत आणि ते मानवलं नाही, तर बदलून मिळतं; गुपचूप सोडून देऊ नका, नाहीतर तीन महिन्यांनी वेगळ्याच कारणाने भेट होते. गोळ्या चालू असताना एका पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, डोकं अचानक फुटेल असं दुखलं, किंवा तांबी असताना पाळी चुकली, पोटात दुखून ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात जा, आणि काय घेताय ते तिथे आधी सांगा.