तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्याकडच्या मुली सभासद होतात कशा?

नर्सिंगच्या कुठल्याही कार्यक्रमाला गेले, की चहाच्या वेळी एखादी इन्चार्ज सिस्टर मला बाजूला घेते. ‘ताई, तुमच्याकडच्या मुली असोसिएशनच्या सभासद होतात कशा? आम्ही नोटीस लावली, व्हॉट्सअॅपवर फॉर्म टाकला, एकीनंही भरला नाही.’

असोसिएशन म्हणजे टीएनएआय, ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया. मी बावीस वर्षं सोलापुरात नर्सिंग करतेय आणि त्यातली बारा वर्षं हे फॉर्म भरून घेतेय. नोटीस वाचून आपणहून आलेली एकही मुलगी मला आठवत नाही. ज्या आल्या, त्या कुणीतरी शेजारी बसून विचारलं म्हणून आल्या.

कधी विचारायचं, तेही बघावं लागतं. ओव्हर देता-घेताना, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सांगता-ऐकताना, नाही. नाइट संपवून निघालेल्या मुलीला तर मुळीच नाही, तिला फक्त अंथरूण दिसत असतं. मी दुपारी सव्वातीनला विचारते. दोनची औषधं झालेली असतात, चारच्या टीपीआरला (ताप, नाडी, श्वास मोजायला) अवकाश असतो, नातेवाईक अजून यायचे असतात. फॉर्म घरी नेऊ देत नाही, कारण घरी गेलेला फॉर्म परत येत नाही. नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर तिच्या मोबाइलमधल्या फोटोवरून तिथेच उतरवून घेते.

पैशांची अडचण खरी असते. आजीवन वर्गणी एकरकमी भरायची, आणि पगार हातात येण्याआधीच वाटला गेलेला असतो. म्हणून ज्या महिन्यात वॉर्डातली भिशी जिला लागते, तिला मी त्या महिन्यात विचारते.

मग ती विचारते, ‘सिस्टर, मला काय मिळणार?’ मी तिला कोर्टाची गोष्ट सांगते. खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सेसच्या पगाराबद्दल टीएनएआयनं 2011 मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली. 29 जानेवारी 2016 ला कोर्टानं केंद्र सरकारला तज्ज्ञ समिती नेमायला सांगितलं. समितीनं शिफारस केली, की 200 च्या वर खाटा असतील तिथे राज्य सरकारच्या नर्सइतका पगार द्यावा, आणि 50 पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही 20,000 रुपयांच्या खाली जाऊ नये. ही शिफारस आहे, कायदा नाही, हे मी मुलींपासून लपवत नाही. पण अर्जदार म्हणून तिथे संघटनेचं नाव होतं. एकट्या स्टाफ नर्सनं स्वतःच्या नावानं असा अर्ज केला असता, तर तिची नोकरी किती दिवस टिकली असती?

एवढ्यानं पटलं नाही, तर माझी स्वतःची गोष्ट सांगते. पहिल्या नोकरीत, नाइटला, अठ्ठावीस पेशंट आणि आम्ही दोघी, मी आणि एक मावशी. तीनच्या सुमारास एका आजोबांचा श्वास लागला. त्यांच्यापाशी थांबले, तेवढ्यात दुसऱ्या पेशंटचं अँटिबायोटिक तासभर लांबलं. सकाळी नातेवाइकांनी आरडाओरडा केला आणि ऑफिसात मला माफीनामा लिहायला बसवलं, ‘माझ्या हलगर्जीपणामुळे’. पेशंट किती होते तेही लिहिते म्हटलं, तर नको म्हणाले. हात थरथरत होता, ‘हलगर्जी’तला रफार राहून गेला. तेवढ्यासाठी नवा कागद देऊन पुन्हा सगळं लिहायला लावलं.

जनरल वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स, आणि शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तीन पेशंटमागे एक, हा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष मला तेव्हा ठाऊकच नव्हता. तो सांगणारी एखादी सीनियर त्या खोलीत माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसली असती, तरी तो कागद वेगळा झाला असता. आता आमच्या एखाद्या मुलीला ऑफिसात बोलावलं, की मी किंवा दुसरी सभासद बरोबर जाते. मुली हे बघतात. माझ्या बोलण्यापेक्षा त्याचाच उपयोग जास्त होतो.

तुमच्या हॉस्पिटलात मेट्रन आणि इन्चार्ज तेवढ्या सभासद असतील, तर आधी ते बदला. टीएनएआयच्या आधी 1905 साली लखनौला जी संघटना निघाली, ती फक्त नर्सिंग सुपरिंटेंडेंटची होती. सगळ्या प्रशिक्षित नर्सेसची संघटना हवी, हे 1908 मध्ये मुंबईच्या परिषदेत ठरलं. आज पुन्हा वरच्यांपुरतीच राहिली, तर वॉर्डातली मुलगी तिला आपली का म्हणेल? विचारायला स्टाफ नर्सला पाठवा, तिच्याच बॅचच्या मुलीला.

सध्या माझ्या ड्रॉवरमध्ये आयसीयूतल्या एका ब्रदरचा, म्हणजे पुरुष नर्सचा, फॉर्म आहे. सगळा भरलाय, फोटो चिकटवलाय, सही तेवढी बाकी आहे. ‘सिस्टर, आम्हाला घेतात का पण?’ असं त्यानं दोनदा विचारलं. घेतात. गुरुवारी त्याची दुपारची ड्युटी आहे.