स्पर्मिन कापलं, पण कुठे?

नागपुरी संत्रं म्हटलं की सगळ्यांना व्हिटॅमिन सी आठवतं, प्युट्रेसिन हा नायट्रोजन असलेला छोटा रेणू (पॉलिअमाइन कुटुंबातला) कुणालाच नाही. खरं तर संत्र्यात ते भरपूर असतं. नाव मात्र सडण्यावरून पडलं, कारण 1885च्या सुमारास लुडविग ब्रिगरने ते सडक्या मांसातून वेगळं केलं. पोटात गेलेल्या प्युट्रेसिनचा बराचसा भाग आतड्याच्या अस्तरातलं डायअमाइन ऑक्सिडेज मोडतं. हे तांबं असलेलं एन्झाइम हिस्टामिनही मोडतं. म्हणून शिळ्या मासळीत दोन्ही असले की एन्झाइम प्युट्रेसिनमध्येच अडकतं आणि हिस्टामिनचा त्रास वाढू शकतो.

पेशीच्या आतली कापाकापी वेगळी. पेशीत प्युट्रेसिनची मोठी भावंडंही असतात, स्पर्मिडिन आणि स्पर्मिन. स्पर्मिनची साखळी 3-4-3 कार्बनची. एका टोकाचे 3 कार्बन गेले की उरतं स्पर्मिडिन, दुसऱ्या टोकाचेही गेले की मधले 4, म्हणजेच प्युट्रेसिन. आधी एसएसएटी हे एन्झाइम टोकाला एक अॅसिटिल गट चिकटवतं आणि तिथला धन भार झाकला जातो. मग पॉलिअमाइन ऑक्सिडेज, थोडक्यात पीएओएक्स, त्या खुणेजवळ कापतं. स्पर्मिन ऑक्सिडेज मात्र खुणेची वाट न बघता थेट स्पर्मिनच कापतं.

दोघंही एफएडी या मदतनीस रेणूवर चालतात आणि दोघांकडूनही हायड्रोजन पेरॉक्साइड निघतो. फरक जागेचा आहे. पीएओएक्स पेशीतल्या पेरॉक्सिझोम नावाच्या पिशवीत बसतं, शेजारीच पेरॉक्साइड मोडणारं कॅटालेज असतं, त्यामुळे पेरॉक्साइड तिथल्या तिथे निपटतो. स्पर्मिन ऑक्सिडेज सायटोप्लाझममध्ये आणि केंद्रकातही सापडतं, म्हणजे डीएनएच्या अंगणात. शिवाय त्याने तोडलेल्या तुकड्यापासून आपोआप अॅक्रोलिन हे विषारी अॅल्डिहाइड तयार होतं, तो आणखी वेगळा ताप. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूच्या संसर्गात जठराच्या पेशींमध्ये हेच एन्झाइम वाढतं.

पेशी-संवर्धनात जागेची हीच भानगड महागात पडते. माध्यमात स्पर्मिडिन घातलं, पेशी मेल्या, आणि वहीत नोंद झाली, ‘स्पर्मिडिन विषारी’. बहुतेक वेळा दोष माध्यमात घातलेल्या गाईच्या सीरमचा (रक्तातल्या द्रवाचा) असतो. त्यातलं अमाइन ऑक्सिडेज पेशींच्या बाहेरच स्पर्मिडिन-स्पर्मिन मोडून अॅल्डिहाइड आणि पेरॉक्साइड करतं. या एन्झाइमला अडवणारं अमिनोग्वानिडिन 1 मिलिमोलर घालून प्रयोग पुन्हा करा. पेशी जगल्या तर गुन्हेगार सीरम. अमिनोग्वानिडिनचा स्वतंत्र कंट्रोल ठेवायला मात्र विसरू नका.

या ऑक्सिडेजची क्रिया मोजायला अॅम्प्लेक्स रेड आणि हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज ही जोडी सोपी, निघालेल्या पेरॉक्साइडपासून ती रंग तयार करते. पण एन्झाइमला अल्कधर्मी बफर आवडतं आणि अॅम्प्लेक्स रेड 8.5 पीएचच्या वर टिकत नाही. 8 ते 8.3 पीएच धरून थोडी क्रिया सोडून द्यावी, हा सौदा बरा. पीएओएक्ससाठी एन1-अॅसिटिलस्पर्मिन वापरा, साधं स्पर्मिन नको. एमडीएल 72527 हे रसायन दोन्ही ऑक्सिडेजना अडवतं, म्हणून ‘पॉलिअमाइन ऑक्सिडेजचीच क्रिया’ हे त्याने कळतं, ‘कुठलं’ ते नाही. पेरॉक्साइडचा स्टँडर्ड त्याच दिवशी पातळ करा आणि 240 नॅनोमीटरला प्रकाश-शोषण मोजून 43.6 या मोलर गुणांकाने तपासा. बाटलीवर लिहिलेल्या 30 टक्के पेरॉक्साइडवर विसंबू नका.

प्रोटोकॉलमध्ये ‘रूम टेंपरेचर’ लिहिलेलं असतं ते साधारण 25 अंश धरून. मे महिन्यात नागपुरात एसी बंद पडला की खोली 40 गाठते, आणि जानेवारीतल्या आकड्यांशी तुलना करण्यात अर्थ उरत नाही. वॉटर बाथ लावा, वहीत अंश लिहा.

डायअमाइन ऑक्सिडेज घालून संत्र्याच्या रसातलं प्युट्रेसिन याच रंगाने मोजायचं असेल तर आणखी एक खोच आहे. रसातलं व्हिटॅमिन सी पेरॉक्सिडेजच्या टप्प्यावर रंग तयारच होऊ देत नाही, म्हणून प्युट्रेसिन नाहीच असं वाटतं. आधी व्हिटॅमिन सी संपवणारं अॅस्कॉर्बेट ऑक्सिडेज लावा. ते ऑक्सिजनचं पाणी करतं, पेरॉक्साइड नाही, त्यामुळे आकडा फुगत नाही. तरीही रसात ठरावीक पेरॉक्साइड मिसळून तो पूर्ण परत मिळतो का ते बघा. अर्धाच मिळाला तर रस आणखी पातळ करा.