ओझरहून दिल्ली, धुक्याच्या दिवसात

आज आईला घेऊन दिल्लीला निघालो. ओझरला, म्हणजे नाशिकच्या विमानतळावर, लख्ख ऊन, तरी विमान लेट! कारण आपलं विमान दिल्लीहूनच येणार होतं आणि तिकडे दाट धुकं. म्हणून हिवाळ्यात घर सोडण्याआधी येणारं विमान तिकडून उडालंय का, ते ॲपवर नक्की बघा.

शेजारी शुगर असलेल्या एक आजी भुकेने कासावीस झाल्या होत्या. आईने लगेच दशम्यांचा डबा पुढे केला. खरं तर एवढ्या छोट्या प्रवासाला २ तास उशीर झाला की खाणंपिणं कंपनीनेच द्यायचं, हा डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियम आहे. ६ तासांच्या वर गेला तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. काउंटरवर जाऊन हक्काने मागा. आजींसाठी मी मागितलं, मिळालं.