फोनला तिने डोकेदुखीच विचारली

दर महिन्याची 9 तारीख म्हणजे गरोदर बायांची तपासणी. 2016 साली प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान आलं तेव्हापासून ही तारीख ठरलेली. नवी मुंबईत दिघ्याच्या एका आरोग्य केंद्रात मी सिस्टर आहे. त्या दिवशी नऊ वाजायच्या आतच बाकडी भरतात.

ती आली तेव्हा बारा वाजत आले होते. बीडकडची, पहिलटकरीण, आठवा महिना संपत आलेला. मागची तपासणी चुकलेली. रांगेत बसून कपाळाला बाम चोळत होती, त्या वासानेच माझं लक्ष गेलं. पाय इतके सुजलेले की जोडवी बोटांत रुतली होती.

बीपी 160/110. पट्टा नीट बसला नसेल म्हणून थोड्या वेळाने पुन्हा घेतलं. तेवढंच. लघवीत पट्टी बुडवली, ती हिरवी झाली. म्हणजे प्रथिनं जात होती.

"अगं, डोकं कधीपासून दुखतंय?"

"चार दिवस झाले, सिस्टर. फोनला विचारलं की. पोटुशी बाईचं दुखतंच म्हणला. पाणी प्या, आराम करा."

"आणि डोळ्यांपुढे काही दिसतं?"

"चांदण्या चमकतात. पण ते मोबाईल बघून होत असंल."

माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरांना हाक मारली. बीपीची गोळी, मॅग्नेशियमचं इंजेक्शन, 108 ला फोन. या अवस्थेत कधीही झटके येऊ शकतात आणि मग आई, बाळ दोघंही धोक्यात.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिला डाव्या कुशीवर निजवलं. नवरा एमआयडीसीतल्या कंपनीतून धावत आला. घरात फोन एकच, तो त्याच्याबरोबर कामावर जातो. म्हणून ती रात्री, तो जेवायला बसला की, फोनमधल्या एआय ॲपला बोलून विचारायची. त्याने मला दाखवलं. एका रात्री डोकेदुखी, दुसऱ्या रात्री पायाची सूज. दोन्हींची उत्तरं धीर देणारी, आणि सुटी सुटी वाचली तर खोटीही नाहीत. गरोदरपणात डोकं दुखतं, पाय सुजतात. पण दोन्ही एकत्र आली, वर डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तर आधी बीपी बघायचं असतं. डोळ्यांचं तिने विचारलंच नाही. त्याचा याच्याशी संबंध आहे हे तिला कोण सांगणार होतं?

आम्हीच. माता बाल संरक्षण कार्डावर धोक्याची लक्षणं चित्रांसकट छापलेली आहेत. ती दहावी शिकलेली, सहज वाचली असती. कार्ड देताना मी मात्र एवढंच म्हणाले होते, "जपून ठेव हं." तिने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवलं. पिशवीची गाठसुद्धा त्या दिवशी केंद्रात आल्यावरच सोडली. ते मला अजून टोचतं.

त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात तिची प्रसूती झाली. मुलगी, 2 किलो 100 ग्रॅम. काही दिवस काचेच्या पेटीत होती, मग दोघी सुखरूप घरी आल्या.

पुढच्या 9 तारखेपासून मी कार्ड नुसतं हातात देत नाही. बाईला स्टुलावर बसवते, एकेका चित्रावर तिचंच बोट ठेवून विचारते, हे काय, असं झालं तर कुठे यायचं. नवरा दारात उभा असेल तर त्यालाही आत बोलावते. एकीला चार-पाच मिनिटं जातात. मागून ओरडा होतो, "सिस्टर, उरका की!" मी उरकत नाही.