लिंबाची सल, काळी बुरशी आणि काप कुठे घ्यायचा: भडगावच्या बागेतली नोंद

पाऊस उघडल्यापासून भडगावकडच्या एका कागदी लिंबाच्या बागेतली सल, म्हणजे झाडावर वाळलेल्या फांद्या, तपासतोय. आता सांगण्याजोगं हाती लागलंय: काळी बुरशी वाळलेल्या भागात आहेच, पण खालच्या हिरव्यागार लाकडातूनही ती निघतेय.

फांद्या शेंड्याकडून खाली वाळत आलेल्या. साल सोलली की मेलेलं आणि जिवंत यांच्यामधली तपकिरी सीमा लगेच दिसते. आडवा काप घेतला तर डाग पाचरीसारखा गाभ्याकडे शिरलेला. तुकडे तीन जागचे घेतले: मेलेला भाग, सीमा, आणि सीमेपासून चार बोटं खाली. वरची घाण मारायला 70 टक्के अल्कोहोल, मग 1 टक्का हायपोक्लोराइट, मग निर्जंतुक पाण्यात खळखळून धुणं. पीडीए, म्हणजे बुरशी वाढवायचं बटाट्याचं माध्यम, घरचंच: लिटरला 200 ग्रॅम बटाटा, 20 ग्रॅम डेक्स्ट्रोज, 15 ग्रॅम अगार. इन्क्युबेटर लागलाच नाही. या बुरशीला 30 अंशांच्या आसपासची ऊब मानवते आणि ती आपल्याकडे खोलीतच असते.

मेलेल्या तुकड्यांवर सगळी जत्राच उगवली, कोलेटोट्रिकम, अल्टरनेरिया वगैरे. त्यावरून काही ठरवता येत नाही. मेल्या लाकडावर कोणीही येतं. सीमेवरचे आणि खालचे तुकडे मात्र एकाच वळणाने गेले. आधी पांढरा, कापसासारखा बुरशीचा थर, मग राखाडी, मग प्लेटची खालची बाजू काळी ठिक्कर. वाढ इतकी झपाट्याची की बाकीच्या बुरशांना जागाच उरत नाही.

बीजाणूंसाठी लिंबाच्याच निर्जंतुक काड्या साध्या अगारवर ठेवल्या आणि उजेडात सोडल्या. काड्यांवर काळे फोड आले. एक फोड पाण्याच्या थेंबात दाबून 400 पटीत पाहिला. कोवळे बीजाणू बिनरंगी, जाड भिंतीचे, एकपेशी. पिकलेले गडद तपकिरी, मध्ये एक आडवा पडदा आणि अंगावर उभ्या रेघा. या रेघा दिसल्या तेव्हा खुर्चीतून उठलोच! लॅसिओडिप्लोडिया या बुरशीची ही ठळक खूण. (जुन्या पुस्तकांत बोट्रिओडिप्लोडिया शोधा.) प्रजातीचं नाव लिहीत नाही. 2008 मध्ये तिच्या थिओब्रोमी या प्रजातीमधून स्यूडोथिओब्रोमी वेगळी काढली, तेव्हापासून डीएनए पाहिल्याशिवाय नुसत्या मापावर नाव देणं बरोबर नाही.

बागेचे मालक आबा म्हणतात, “ऊन लागनं त्याले, दुसरं काय!” आबांचं म्हणणं मला पटतं. ही बुरशी निरोगी दिसणाऱ्या लाकडात गुपचूप राहू शकते. झाड ताणात आलं की उचल खाते. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, नैऋत्येकडच्या फांद्यांची साल भाजून तडकते, वर मृग बहारासाठी पाणी तोडलेलं असतं. म्हणून ‘ऊन की बुरशी’ हा वादच मला चुकीचा वाटतो.

झाडावर डिंक दिसला की सरसकट डिंक्या रोग म्हणू नका, ही कळकळीची विनंती. डिंक्याची फायटोफ्थोरा खरी बुरशीच नव्हे. ती बहुधा ओल्या बुंध्यापासून सुरू होते आणि तिच्यावर चालणारं मेटॅलॅक्झिल हे औषध लॅसिओडिप्लोडियावर चालत नाही.

सल काढताना आता काप तपकिरी सीमेवर न घेता वीतभर खाली, स्वच्छ लाकडात घेतोय. प्रत्येक झाडानंतर कात्री अल्कोहोलने पुसायची, कापावर बोर्डो पेस्ट लावायची (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी) आणि सल बांधावर न टाकता जाळायची. काळे फोड तिच्यावरच असतात, पावसात बीजाणू तिथूनच उडतात.

अजून एक पायरी बाकी आहे, कॉखची कसोटी, म्हणजे रोग याच बुरशीने होतो का ते पडताळणं. कुंडीतल्या लिंबाच्या रोपांना सालीत छोटी जखम करून काहींत बुरशीचा तुकडा, काहींत नुसता अगार बसवणार आहे. डाग पडला तर त्यातून हीच बुरशी परत निघायला हवी. निम्म्या रोपांचं पाणी तोडून पाहीन. आंब्यावर किंवा मोसंबीवर कोणी असं केलं असेल तर जखम किती खोल घेतली, ते जरूर सांगा.