कॅनडातल्या वेलीला फूल का येत नाही

पहिलंच सांगते, कॅनडाच्या प्रेअरीत म्हणजे सास्काटून, रेजायना, विनिपेग ह्या सपाट, गवताळ पट्ट्यात राहून बियांपासून फुलांच्या वेली करायच्या असतील तर आपल्याकडची यादी घेऊन बसू नका. माझी धाकटी बहीण सास्काटूनला असते आणि गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या घरी पोरसात जे जे म्हणून वर चढायचं ते सगळं तिला तिथे डेकच्या कठड्यावर हवं असतं, गणेशवेल हवी, वाल हवा, निळी मॉर्निंग ग्लोरी तर हवीच हवी. मग सप्टेंबरात व्हॉट्सॲपवर फोटो येतो, वेल कठडा ओलांडून शेजाऱ्याच्या कुंपणावर गेलेली, पानं तळहाताएवढी, हिरवीगार, आणि फूल म्हणाल तर औषधाला नाही. खाली मेसेज, "ताई, थंडीमुळे असेल ना गे?"

थंडी आहेच हो. हिवाळ्यात पारा उणे ४० पर्यंत उतरतो, शेवटचं दंव मे महिन्याच्या अखेरीस आणि पुढचं पहिलं सप्टेंबरच्या मध्याला, म्हणजे सगळा कारभार मधल्या साडेतीन-चार महिन्यांत उरकायचा. पण थंडीने मार खाल्लेली वेल अशी शेजाऱ्याकडे जात नाही, ती पिवळी पडून जागच्या जागी कुढत बसते. हिची वेल मजेत आहे, फक्त फुलायचं नाव घेत नाही. ह्याचं कारण उजेड.

आमची आजी म्हणायची, वाल आषाढात घाला नाहीतर श्रावणात, फूल यायचं ते दिवाळीच्या सुमारासच. लहानपणी मला वाटायचं हा देवाचा काहीतरी नेम असेल. तर वाल रात्र मोजतो. रात्र ठराविक लांबीची झाली की फुलायचं, तोवर नुसती पानं आणि ताणे. शेवंतीचंही तेच. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अलार्ड ह्या दोघांनी १९२० मध्ये हे छापलं, त्यांच्याकडे मेरीलँड मॅमथ नावाची तंबाखूची जात होती जी उन्हाळ्यात वाढतच सुटायची, फुलायची नाही, आणि हिवाळ्यात ग्रीनहाऊसमध्ये नेली की फुलायची. खत बदलून, पाणी बदलून काही होईना, शेवटी रोज ठरल्या वेळी काळोख्या खोपटात नेऊन ठेवली तेव्हा उन्हाळ्यातच फुलली.

आता गोव्यात जूनमधला सगळ्यात मोठा दिवस जेमतेम १३ तासांचा आणि डिसेंबरातला लहान दिवस सव्वा अकराच्या आसपास, फरक म्हणायचा तर दोन तासांचाही नाही. सास्काटूनला जूनमध्ये साडेसोळा तासांहून जास्त उजेड असतो, रात्री साडेनऊला बहीण व्हिडिओ कॉलवर दाखवते तर अंगणात अजून उजेड. अशा उजेडात वाल, गणेशवेल किंवा ती हेवनली ब्लू नावाची आकाशी मॉर्निंग ग्लोरी, ह्यांना वाटतं अजून पुष्कळ वेळ आहे. दिवस-रात्र सारखे होतात २२ सप्टेंबरच्या सुमारास, ह्यांना तेव्हा कुठे जाग येते, आणि तोवर तिथे दंव पडून गेलेलं असतं. जपानी मॉर्निंग ग्लोरीची एक जात तर अशी आहे की नुसती दोन बीजपत्रं आलेल्या रोपाला एकच १६ तासांची सलग काळोखी रात्र दिली तरी ती कळी धरते. सलग हे महत्त्वाचं, मध्येच उजेड पडला की हिशेब फिसकटतो. आमच्या वालाचाही जो भाग गेटवरच्या ट्यूबलाईटखाली येतो तो बाकीच्यांपेक्षा उशिरा फुलतो, आणि लोक म्हणतात तिथली माती खराब.

म्हणून तिला म्हटलं, लांब दिवस ज्यांना आवडतो किंवा ज्यांना त्याचं काही पडलेलं नाही अशा वेली कर. पहिला नंबर स्वीट पी, म्हणजे वाटाण्याच्या कुळातली फुलवेल. मूळची सिसिलीची, १६९९ मध्ये कुपानी नावाच्या तिथल्या पाद्रीने बी इंग्लंडला धाडलं आणि तिथून ती जगभर गेली. हिला थंड हवा आणि लांब दिवस दोन्ही लागतात, आपल्या फोंड्याच्या उकाड्यात ही करणं म्हणजे पैसे पाण्यात, तिथे मात्र राणी. बी गोल, काळपट, कडक. नेलकटरने टरफलाचा एवढासा टवका काढायचा, डोळ्याच्या, म्हणजे बी शेंगेला चिकटलेलं असतं त्या खुणेच्या बाजूला नाही, विरुद्ध बाजूला, डोळ्याला धक्का लागला की कोंब गेला. मग रात्रभर पाण्यात. सकाळी जे टम्म फुगलेत ते कागदी कपात पेरायचे, जे तसेच टणक राहिलेत त्यांना आणखी एकदा टवका. तीन-चार पानं आली की शेंडा खुडायचा, जीव होत नाही पण खुडायचा, मग बाजूने फुटवे येतात आणि फुलंही त्यांच्यावरच जास्त. आणि मे अखेरची वाट बघायची नाही, हलकं दंव हिला सोसतं, मेच्या सुरुवातीलाच बाहेर. एक मात्र, शेंगा वाटाण्यासारख्या दिसल्या तरी विषारी, घरात पोरं असतील तर सांगून ठेवा.

दुसरी स्कार्लेट रनर बीन, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या डोंगरातली. ही सरळ जमिनीत घालायची, दंव संपल्यावर, माती जरा गरम झाल्यावर, बोटाच्या दीड पेरावर. फरसबीचं बी कसं मान वर काढून दोन दळं घेऊन येतं, हिची दळं खालीच राहतात आणि थेट पानं वर येतात, त्यामुळे बहीण बिचारी आठवडाभर बी कुजलं म्हणून उकरून बघत होती. लाल भडक फुलं, त्यावर हमिंगबर्ड येतो, आणि शेंगांची भाजी होते ती वेगळीच. दाणे मात्र कच्चे खायचे नाहीत, चांगले शिजवून.

थनबर्जिया, ती केशरी फुलाची काळ्या डोळ्याची, आपल्याकडे कुंपणावर आपसूक माजते आणि तिथे दर वर्षी नव्याने करावी लागते. मार्च अखेरीस घरात पेरायची. मॉर्निंग ग्लोरीशिवाय चैन पडत नसेल तर जांभळी ग्रँडपा ऑट घ्या, ती हेवनली ब्लूपेक्षा लवकर फुलते. ह्या बियांपासूनच १९७५ मध्ये अमेरिकेत सीड सेव्हर्स एक्स्चेंज ही जुन्या वाणांचं बी जपणारी संस्था सुरू झाली, ऑट आजोबांच्या नातीने आणि तिच्या नवऱ्याने केलेली.

घरात पेरलेलं काहीही एकदम बाहेर नेऊ नका. आठ-दहा दिवस रोज थोडा वेळ, आधी सावलीत, मग उन्हात. तिथला वारा भयंकर आहे, अडवायला ना डोंगर ना माड, खिडकीतलं नाजूक रोप दुपारपर्यंत चिंधी होतं.

एवढं सगळं ऐकून बहीण म्हणते, "ते ठीक आहे ताई, पण वाल?" मग म्हटलं कर बाई, मोठ्या कुंडीत कर, तीन काठ्यांचा छोटा मांडव दे, आणि जुलैत दोन-तीन आठवडे संध्याकाळी पाचला उचलून काळोख्या गॅरेजमध्ये ठेव, सकाळी आठला बाहेर काढ. एक दिवसही चुकवायचं नाही आणि रात्री गॅरेजचा दिवा लावायचा नाही. ती तयार झाली. पण गॅरेजमध्ये एकच गाडी आणि कुंडीला लागते बरीच जागा, आणि जुलै हा तिथे गारांचा महिना, लिंबाएवढ्या गारा पडतात, तेव्हा गाडी बाहेर की वाल बाहेर ह्यावरून तिच्या नवऱ्याशी बोलणी अजून चालू आहेत.